दहावीच्या पालकसभेत नेमकं काय सांगावं? (मराठी माध्यम, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा, कर्नाटक)

खानापूरचे_मास्तर
जूनमध्ये दहावीच्या पालकांची सभा आहे. मराठी माध्यमाचं हायस्कूल. सायन्स घेणारी मुलं पुढं बेळगावच्या कॉलेजला रोज बसनं नाहीतर रेल्वेनं जाणार. दरवर्षी "मोबाईल काढून घ्या, अभ्यास करून घ्या" एवढं बोलून चहा होतो. यंदा उपयोगाचं सांगायचं आहे. नववीपासूनच सकाळी ट्यूशन, दिवसा शाळा, संध्याकाळी परत ट्यूशन. दिवाळीचा किल्ला आता पाचवी-सहावीच्या पोरांवरच आला. ताण कुठं कमी करता येतो? मोबाईलचंही सांगा.

पीयू_फिजिक्स
सर, सगळे दहावीच्या निकालाला घाबरतात, पण दणका बसतो तो फर्स्ट पीयूच्या (म्हणजे अकरावीच्या) पहिल्या युनिट टेस्टला. आकडे फळ्यावरच मांडा. एसएसएलसीचे (कर्नाटकातली दहावी) 625 गुण. त्यात मराठी 125, कन्नड 100, इंग्रजी 100. म्हणजे 325 गुण नुसत्या भाषांचे, आणि गणित-विज्ञान मिळून 200. सेकंड पीयूला (बारावीला) उलटं: 600 पैकी भाषांचे 200, सायन्सच्या चार विषयांचे 400. दहावीला 88 टक्के पडलेलं पोर फिजिक्सला काठावर येतं ते यामुळं. आळशी झालं म्हणून नव्हे. घरात मात्र "एवढे मार्क होते, कॉलेजला गेल्यावर बिघडला" हेच ऐकायला मिळतं.

दुसरी अडचण माध्यमाची: पीयूला सायन्स इंग्रजीतनं शिकायचं. उपाय फुकटातला आहे. तुमचं मराठी विज्ञानाचं पुस्तक आणि इंग्रजी माध्यमाचं पुस्तक एकच, धडेही तेच, आकृत्याही त्याच. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या वेबसाईटवर पीडीएफ मिळते. परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये रोज अर्धा तास, आधी मराठी धडा, मग तोच इंग्रजीत. वाचून झालं की आकृतीवरची नावं झाकून वहीत इंग्रजीत लिहायची. वीज, प्रकाश, रासायनिक अभिक्रिया, पेशी एवढं झालं तरी पहिले दोन महिने वर्गात डोकं वर राहतं. महागड्या क्रॅश कोर्सची गरज नाही.

सीईटी (कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) आणि नीट (मेडिकलची) एकाच दावणीला बांधू नका. सीईटीला प्रत्येक विषयाचे 60 प्रश्न, 80 मिनिटं, चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही. नीटला बरोबर उत्तराला 4 आणि चुकीला उणे 1, तिथं अंदाजपंचे अंगलट येतं. इंजिनिअरिंगच्या रँकला निम्मा भार पीयूच्या गुणांचा असतो. कोचिंगच्या नादात कॉलेजचा पोर्शन सोडणारे तिथंच फसतात.

आणि हे मोठ्यानं सांगा: 2023-24 पासून दहावी आणि सेकंड पीयू दोन्हींना वर्षात एकाहून जास्त परीक्षा असतात, जास्त पडलेले गुण धरतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डीसीईटी या प्रवेश परीक्षेनं थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात 'टाईप ई' हा वेगळा गट आहे. रहिवासाचे आणि मातृभाषेचे दाखले आधीच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलच्या फेऱ्या नकोत.

वडगावकर
सगळं खरं, पण स्पर्धा आहे की हो. दोन वर्षं किल्ला नाही केला तर काय बिघडतं?

समुपदेशक_टिळकवाडी
किल्ल्याचं बिघडत नाही, पोराचं बिघडतं. दगड-विटा कुठनं आणायच्या, पोत्यावर चिखल किती पातळ लिंपायचा, अळीव कधी पेरलं की पाडव्यापर्यंत डोंगर हिरवा होईल, बुरूज ढासळला तर कुणी बांधायचा, ही भांडणं पोरंच मिटवतात. त्याला मार्क नाहीत आणि वर बसून बघणारं मोठं माणूस नाही. आठवड्याच्या टाइमटेबलात असा वेळ उरला आहे का, एवढं पालकांना विचारा.

मग झोप. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास लागतात आणि या वयात झोप उशिराच येते, ते नाटक नसतं. साडेचारला उठून पहाटेची ट्यूशन, रात्री अकरा-साडेअकरापर्यंत होमवर्क, म्हणजे झाले पाच तास. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत; झोप मोडली की चिडचिड वाढते आणि पाठांतरही टिकत नाही. दोन्हीतली एक ट्यूशन बंद करा, शक्यतो पहाटेची.

दोन आठवडे सलग खाणं-झोपणं बदललं, मित्र तोडले, आवडती वस्तू वाटून टाकली, "माझा काही उपयोग नाही" असं बोललं, तर शांतपणे थेट विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तसं डोक्यात शिरत नाही. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. शेतातली औषधं कुलपात आणि किल्ली मोठ्या माणसाकडं, निकालाच्या आठवड्यात तर नक्कीच. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास फुकट आहे. तालुका दवाखान्यात मंगळवारी मनोचैतन्य (मानसिक आजारांची) ओपीडी असते, चौकशी करून जा.

सायबर_शहापूर
मोबाईलचं थोडक्यात. काढून घेतला की पोर मित्राच्या फोनवर दुसरं खातं काढतं, मग तुम्हाला काहीच दिसत नाही. इन्स्टाग्रामवर खरी जन्मतारीख टाका, अठराच्या आतल्यांना टीन अकाउंट लागतं, अनोळखी मेसेज अडतात. खोटं वय टाकलं की हे सगळं गेलं. घरातल्या सगळ्यांचे चार्जर रात्री दहाला सोप्यात, बापाचाही.

नग्न फोटोवरून धमकी आली तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, आयडी लिहून घ्या, 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. अठराच्या आतल्यांना 'टेक इट डाऊन' साईटवरून तिच्यात सामील असलेल्या अ‍ॅपवर फोटो पसरणं थांबवता येतं, फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. आणि वर्गाच्या ग्रुपवर तसला फोटो आला तर पुढं पाठवणाराही आयटी कायद्याच्या कलम 67ब मध्ये सापडतो. हे पालकांपेक्षा पोरांसमोरच सांगा. शिव्या घालायच्या त्या नंतर घाला. आधी शिव्या बसल्या तर पोर दुसऱ्या वेळी सांगायला येत नाही, आणि धमकी देणारा त्याच भरवशावर असतो.

खानापूरचे_मास्तर
625 आणि 600 चा हिशोब फळ्यावर लिहितो. दाखल्यांचा अर्ज जूनमध्येच भरून घेऊ.