मदत हवी आहे: नवीन लॅपटॉपवर आयट्यून्सला गाणी सापडत नाहीत

नमस्कार मंडळी. जुन्या कॉम्प्युटरवरची आयट्यून्स लायब्ररी नवीन विंडोज लॅपटॉपवर आणली. प्लेलिस्ट, रेटिंग सगळं दिसतंय, पण बहुतेक गाण्यांपुढे उद्गारचिन्ह येतंय. फायली एक्सटर्नल हार्ड डिस्कवर शाबूत आहेत, व्हीएलसी प्लेयरमध्ये व्यवस्थित वाजतात. ही डिस्क आधी एफ ड्राइव्ह होती, इथे ई दिसते. लायब्ररीत जुनाच पत्ता असणार.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून डिस्कला परत एफ अक्षर दिलं तर भागेल का? की लायब्ररीच्या एक्सएमएल फाइलमधले (गाण्यांची यादी असते ती) पत्ते बदलून ती इम्पोर्ट करावी? त्यात रेटिंग उडतात का?

बाबांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटवरून केलेल्या एमपीथ्री यातच आहेत, आणि त्या कॅसेट आता वाजत नाहीत. त्यामुळे डिस्कची दुसरी कॉपी काढायला लावली आहे. कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया नीट सांगा.