घरात क्लोज्ड-बॅक हेडफोन म्हणजे पैसे पाण्यात? मग आमच्याकडे बसून ऐकून दाखवा

पातलीपाडा_पहिला_मजला:
काल इथे एकाने ठोकून दिलंय की घरी ऐकायचं तर ओपन-बॅक (कप मागून उघडे) हेडफोनच, क्लोज्ड-बॅक (कप मागून बंद) घेणारे पैसे पाण्यात घालतात. साहेबांचं घर कुठे आहे माहीत नाही, माझं घोडबंदर रोडला लागून, रात्री एक वाजताही कंटेनर चालू आणि वर हॉर्न (रिकाम्या रस्त्यावर कोणासाठी, देव जाणे). मित्राचा एचडी ६०० हा ओपन-बॅक आणून ऐकला, आवाज सुरेख, वादच नाही, पण विलंबित ख्याल लावला की तानपुऱ्याच्या जोडीला ट्रकचा रिव्हर्स हॉर्न. मग आवाज वाढवा, अजून वाढवा, कान गेले कामातून. शेवटी डीटी ७७० हा क्लोज्ड-बॅक घेतला आणि सुखी आहे.

खारघर_चौदावा_मजला:
ते मीच लिहिलंय आणि अजूनही तेच म्हणतो. रस्त्याला लागून घर घेतलंत यात हेडफोनचा काय दोष? बंद कपात आवाज आतल्याआत आपटत राहतो, सगळी मैफल डोक्यात कोंबल्यासारखी. ओपनमध्ये मागून निघून जातो म्हणून तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणत्कार) मोकळी ऐकू येते. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा ओपन-बॅक काढला तो काय वेडेपणा होता? आणि मे महिन्यात ते रेक्झिनचे पॅड लावून तासभर बसून दाखवा. दोन पावसाळ्यांत सालं निघतात, काळे कण कानात, उशीवर, सगळीकडे.

पातलीपाडा_पहिला_मजला:
डीटी ७७० प्रोला वेलूरचे (मखमली कापडाचे) पॅड येतात. आधी बघा, मग बोला.

खारघर_चौदावा_मजला:
बरं, पॅडचं तुम्ही जिंकलात, हार घालू का? चष्मा लावता का ते सांगा. काडीने फट पडली की क्लोज्डचा बेस गेलाच.

नेरूळ_वनबीएचके:
तुम्ही दोघं स्वतःच्याच कानांचं बोलताय. ओपन-बॅकमधून आवाज बाहेरही येतो हो! मुलीची दहावी, ती त्याच खोलीत अभ्यासाला, मी अगदी हळू लावलं तरी "बाबा, तबला ऐकू येतोय". चौदाव्या मजल्यावर थ्रीबीएचके असणाऱ्यांनी सल्ले देऊ नयेत.

खारघर_चौदावा_मजला:
टूबीएचके आहे, आणि हप्ते चालू आहेत.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
क्लोज्ड-बॅकचं कौतुक मलाही सांगू नका. कुकरची शिट्टी, बोलणं कमी होतं, पण खालची घरघर आणि धडधड तशीच येते, त्याला नॉइज कॅन्सलिंगच (उलटा आवाज सोडून बाहेरचा आवाज खोडणारं) लागतं आणि तेही पंख्याच्या एकसारख्या आवाजाला, हॅमर ड्रिलला नाही. वरच्या फ्लॅटमध्ये गणपतीपासून टाइल्सचं काम चालूय. सेक्रेटरी म्हणतात दुपारी दोन ते चार बंद असतं ना. अहो मी सकाळी सातला झोपतो!

कोलशेत_घरकाम_चालू:
माझ्याच घरी चालूय काम. लोकांनी बाथरूम गळत ठेवायची का? सोसायटीला डिपॉझिट दिलंय, वेळ पाळतोय, तरी खालचे रोज ग्रुपवर अंगठा खाली करतात.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
डिपॉझिट दिलं म्हणजे आमच्या डोक्यावर स्लॅब फोडायचा परवाना मिळाला का? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आहेत, मीटर घेऊन येऊ?

कोलशेत_घरकाम_चालू:
या ना. जाताना घोडबंदरला पण लावा तो मीटर, ५५ खाली येतोय का बघू.

पातलीपाडा_पहिला_मजला:
अहो, विषय हेडफोनचा होता.

नेरूळ_वनबीएचके:
राहू द्या, हे जास्त महत्त्वाचं आहे. आमच्याकडे तर एकाने फर्निचरचं काम काढलंय, कटर मशीन थेट पॅसेजमध्ये, भुसा सगळा आमच्या चपलांत.

खारघर_चौदावा_मजला:
ठीक आहे, ज्यांच्या डोक्यावर ड्रिल आणि बाजूला दहावी त्यांनी घ्या क्लोज्ड, मनाविरुद्ध परवानगी. बाकीच्यांनी ओपन. फक्त एचडी ६०० फोनला थेट लावून "आवाजच येत नाही" म्हणून रडत येऊ नका, ३०० ओहमचा आहे तो, छोटा अँप (अँप्लिफायर) लागतो.

पातलीपाडा_पहिला_मजला:
परवानगीबद्दल आभार, महाराज.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
कोलशेतवाले, अजून किती दिवस चालणार काम?

कोलशेत_घरकाम_चालू:
किचन झालं. आता बाथरूमच्या टाइल्स फोडायच्यात. तुम्ही आमच्या खाली राहत नाही ना नक्की?