नव्या संगणकावर जुने विंडोज: परवान्यात बसते काय?

तापीकाठ (रावेर)
केळीच्या गाड्या तोलणाऱ्या आमच्या भुईकाट्यावरचा प्रोग्राम डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या कार्यप्रणालीच्या) काळातील आहे आणि तो ३२ बिटच्या विंडोज १० वर विनातक्रार चालत असे. तो संगणक जळाला. जळगावहून आणलेल्या नव्या संगणकात विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज निघाले, आणि विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नसल्यामुळे प्रोग्राम उघडतसुद्धा नाही. दुकानदार त्यावर विंडोज १० बसवून द्यायला तयार आहे. ज्याने नव्या आवृत्तीचे पैसे मोजले, त्याला त्याच कंपनीची जुनी आवृत्ती वापरता आलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हींपैकी संगणकावर चालणार तर शेवटी एकच.

अमळनेरकर
आपले म्हणणे व्यवहाराला पटते, परवान्याला पटत नाही. जुन्या आवृत्तीकडे मागे जाण्याची मुभा देणारे परवान्यातील कलम, ज्या संगणकात उत्पादकानेच प्रो आवृत्ती घालून दिली आहे, त्याच्यापुरते आहे. होमला ती सवलत नाही. प्रो असते तरी जुनी आवृत्ती कंपनी तिला आधार देत आहे तोवरच वापरावी, अशी अट त्याच कलमात आहे, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुकानदाराने टाकलेले विंडोज कदाचित ॲक्टिव्हेटही होईल, पण ॲक्टिव्हेट होणे आणि हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पांझरेकाठ
ही अट म्हणजे गिऱ्हाइकाचे हात बांधणे आहे. आधार द्यायचा की नाही हे कंपनीने ठरवायचे, आणि तिने तो थांबवला की आमचा हक्कही बुडणार! शिवाय सुरक्षेचे वाढीव अपडेट घेणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना कंपनीने आणखी एक वर्ष दिलेच होते. मग आधार संपला असे सरसकट कसे म्हणायचे? भुईकाट्यावरच्या एका संगणकाने कंपनीचा एक रुपयाही बुडत नाही.

अमळनेरकर
अट जाचक आहे, हे मला मान्य आहे. तथापि प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ६३ ब मध्ये, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजार रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. भुईकाटा हा धंदाच आहे. दुकानदार नामानिराळा राहील आणि आपण अडकाल.

सुकीकाठ (यावल)
जळालेल्या संगणकावरचे विंडोज १० कोणते होते, ते आधी पाहावे. संगणकासोबत आलेले असेल तर ते त्या यंत्राबरोबरच गेले. वेगळे विकत घेतलेले असेल, तर जुन्यावरून काढून ते दुसऱ्या यंत्रावर नेता येते, आणि ३२ बिटचेही चालते. मात्र बरेच नवे संगणक ३२ बिटचे विंडोज सुरूच करत नाहीत, हे विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारावयास हवे होते.

तापीकाठ
विंडोज १० ची पेटी वेगळी विकत घेतल्याची पावती दप्तरात सापडली, त्यामुळे परवान्याचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. पांझरेकाठ यांचे म्हणणे मात्र मला अजूनही रास्त वाटते.

सुकीकाठ (यावल)
ते ३२ बिटचे विंडोजही नव्या संगणकावर सुरू झाले नाही तर फ्रीडॉस ही डॉससारखीच कार्यप्रणाली वापरून पाहा. ती मुक्त परवान्याची असल्याने तिथे हा वादच उद्भवत नाही. काट्याची केबल जोडण्यापुरता सिरियल पोर्ट असलेला एखादा जुना संगणक तेवढा लागेल.