अंडरकव्हर पोलीस: गुप्त, वेषांतरित, फितूर की पेरलेला?

रामबाग, इंदूर

आम्ही काही जण मिळून अधूनमधून एखादा चांगला चित्रपट बघतो. दाखवण्याआधी एका पानाची मराठी टिपणी वाटायची आमची पद्धत आहे. या वेळी हाँगकाँगचा २००२ सालचा 'इन्फर्नल अफेअर्स' ठरला आहे आणि टिपणी लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द डिपार्टेड' (२००६) याच कथेवर बेतलेला, पण मूळ चित्रपट मला अधिक घट्ट विणीचा वाटतो.

अडचण शब्दांची आहे. पोलीस प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुणाला काढून टाकल्याचं दाखवतात आणि टोळीत पाठवतात. त्याच सुमारास टोळीचा म्होरक्या आपली पोरं पोलिसात भरती करतो. त्यातला एक वर चढत चढत अधिकारी होतो. जवळपास दहा वर्षं दोघं परक्या घरात राहतात, आणि मग एके दिवशी दोघांवर एकच काम येऊन पडतं: आपल्यातला तो दुसऱ्यांचा माणूस शोधून काढा.

या दोघांना मराठीत काय म्हणू? 'गुप्तहेर' म्हटलं की परराज्याचा हेर डोळ्यांसमोर येतो. 'साध्या वेशातील पोलीस' म्हणजे अनंत चतुर्दशीला राजवाड्याच्या गर्दीत उभा असलेला शिपाई, तो संध्याकाळी घरी जातो. आमच्या घरांतून वर्तमानपत्रं हिंदी, त्यामुळे तोंडात आधी मुखबिर, भेदिया, जासूस येतात. मला वाचणाऱ्याला न अडखळता कळेल असा मराठी शब्द हवा आहे. शिवाय अशा काळोख्या वळणाच्या नव्या गुन्हेपटांना 'निओ-न्वार' म्हणतात, त्या शब्दाचं मराठीत काय करायचं तेही सांगा.

कचेरीतला, इंदूर

ताई, माझी सगळी नोकरी कोर्टात गेली आणि बदलीपायी काही वर्षं महाराष्ट्रातली कागदपत्रंही हाताखालून गेली. तिथे जे शब्द खरोखर चालतात ते आधी वेगळे करून घेऊ, कारण चित्रपटांवर लिहिणारे त्यांची फार सरमिसळ करतात.

खबऱ्या हा पोलीस नसतो. तो त्याच जगातला माणूस, बातमी पुरवतो आणि बदल्यात काही मिळवतो. त्याचं नाव पोलिसाला कोर्टातही सांगावं लागत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२५ त्यासाठीच होतं. आपल्याकडचा मुखबिर तो हाच.

बनावट ग्राहक हा तासाभराचा. गांजा किंवा पिस्तूल विकत घ्यायला पाठवतात, खूण ठरलेली असते, खूण झाली की छापा. सापळा रचणं म्हणतात ते हेच. लाचेच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात आणि घेणाऱ्याची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. 'रंगेहाथ पकडला' हे तिथे शब्दशः खरं होतं.

माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात सामील असलेला, पण माफीच्या अटीवर सगळं खरं सांगणारा. इथे त्याला सरकारी गवाह म्हणतात.

आणि फितूर. हा इंदुरात जपून वापरा. मराठी बातमीत 'साक्षीदार फितूर झाला' म्हणजे तो उलटला; इथल्या निकालपत्रात त्याला 'पक्षद्रोही' लिहितात. आपल्या पोरांना मात्र फितूर म्हटलं की डोक्यातलं खूळ आठवतं, कारण हिंदीत 'दिमाग का फितूर' म्हणतात. तुमच्या टिपणीत 'फितूर अधिकारी' लिहिलं तर निम्मी मंडळी त्याला वेडा समजतील.

या चारांत तुमचा माणूस कुठेच बसत नाही.

लष्कर, ग्वाल्हेर

'हेर' हा साधा, सुटसुटीत शब्द असताना इतकं दूर का जायचं? बहिर्जी नाईक हे शिवाजी महाराजांच्या हेरांचे प्रमुख होते, हे शाळेतलं पोरही सांगतं. हेरणे हे क्रियापदही जिवंत आहे. जासूद मात्र घेऊ नका. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात जासूद आणि कासीद बहुतेकदा पत्रं घेऊन धावणारे असतात; हेरगिरीचा रंग त्याला आहे, पण मुख्य काम टपालाचं. जुन्या मराठीत 'बातमी राखणे' असा एक छान प्रयोग होता. शत्रूच्या हालचालींवर लक्ष ठेवणं म्हणजे बातमी राखणं. त्या काळी बातमीदार म्हणजे तेच काम करणारा. आता त्याचा वार्ताहर झाला.

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

ग्वाल्हेरकर दादांचा 'हेर' मला इथे पुरत नाही. हेर बघतो आणि येऊन सांगतो. ताईंचा माणूस तिथे राहतो, खंडणीच्या कामात हात घालतो, मारामाऱ्या करतो, तुरुंगातही जातो.

आमच्या बडोद्याला शब्द घडवायची जुनी सवय. सयाजीराव महाराजांनी कारभारासाठी आठ भाषांचा 'शासन शब्दकल्पतरु' करवून घेतला, तो १९३१ मध्ये छापला गेला. त्या वळणाने मी संस्कृतकडे जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्या अधिकरणात गूढपुरुषांचे, म्हणजे हेरांचे, प्रकार दिले आहेत. त्यातला पहिला 'कापटिक'. व्याख्या अशी: दुसऱ्याची मर्मं ओळखणारा, धीट विद्यार्थी. पुढे संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तपस्वी यांच्या रूपातले येतात.

आणि एक शब्द तर या चित्रपटासाठीच घडवल्यासारखा आहे: उभयवेतन. दोन्हीकडून पगार घेणारा. कौटिल्य म्हणतो, अशांना नेमताना त्यांची बायकामुलं आपल्या ताब्यात ठेवावीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या एका वाक्यात अख्ख्या न्वार चित्रपटाची कथा आहे.

रामबाग, इंदूर

बडोद्याच्या ताई, 'कापटिक' वाचून अंगावर काटा आला. २०२२ मध्ये इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगची तक्रार आली होती. तक्रारीवर नाव नव्हतं, पुढे येऊन बोलायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा पोलिसांनी एका तरुण महिला शिपायाला विद्यार्थिनी म्हणून पाठवलं. ती महिनोन् महिने पाठीवर बॅग लावून कॅन्टीनमध्ये बसायची, पोरांशी गप्पा मारायची. त्यातून ११ वरिष्ठ विद्यार्थ्यांची ओळख पटली आणि त्यांच्यावर कारवाई झाली. धीट, मर्म ओळखणारी विद्यार्थिनी! कौटिल्याची पहिलीच व्याख्या.

हे आठवलं आणि वेषावर बेतलेले सगळे शब्द मी बाजूला ठेवले. तिने वेष बदलला असं म्हणायला जागाच नाही. कुठलीही मुलगी कॉलेजला घालून जाईल तेच कपडे. बदलली ती ओळख, आणि ती रोज सकाळी नव्याने निभवावी लागली. चित्रपटातही नायकाच्या अंगावर तेच साधं जॅकेट आहे. त्यामुळे 'वेषांतर' आणि 'छद्मवेशी' दोन्ही बाद. 'उभयवेतन' सुंदर आहे, पण टिपणीत वापरला तर खाली समजावून सांगावा लागेल, आणि या दोघांना दोन्हीकडून खरंखुरं वेतन मिळतं हेही जरा ताणून म्हणावं लागेल.

मालवी माती, देवास

मग सोंग? सोंग घेणे, सोंग वठवणे. आपल्या बहुरूप्यांचा तर पोलीस हा आवडता वेष. खाकी घालून दारात येतात, खोटं वॉरंट वाचतात, लोक हसून पैसे देतात. चित्रपटात त्याच्या उलट चाललंय: पोलीस गुंडाचं सोंग घेतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हेही इथे तंतोतंत. बनावट ग्राहकाला खिशात खऱ्या नोटा ठेवाव्याच लागतात.

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

बहुरूप्याचं सोंग आहे हे दारातल्या माणसाला माहीत असतं, त्यातच त्याची गंमत. हा माणूस ओळखला गेला तर जिवानिशी जातो. सोंग शब्दात ती भीती येत नाही.

कचेरीतला, इंदूर

दुसऱ्या माणसाचं, म्हणजे पोलिसातल्या गुंडाचं बोला. इंग्रजीत त्याला 'मोल' म्हणतात, जमिनीखाली राहणाऱ्या एका प्राण्याच्या नावावरून; त्याचं मराठी चिचुंद्री करू नका. चिचुंद्री वेगळी आणि मराठीत तिचा अर्थही वेगळा लागतो. घरभेदी कसा वाटतो? किंवा अस्तनीतला निखारा?

लष्कर, ग्वाल्हेर

गोविंद निहलानींचा 'द्रोहकाल' (१९९४) याच धाटणीचा. अतिरेक्यांत घुसवलेली पोलिसांची माणसं आणि पोलिसांत पोचलेली अतिरेक्यांची माणसं. त्या नावावरून 'द्रोही' घ्या.

रामबाग, इंदूर

रात्रभर या दोन सूचनांवर विचार केला. दोन्ही मला पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते शोधताना हवा तो शब्द हाती लागला.

घरभेदी व्हायला आधी घरचा असावा लागतो. द्रोह करायला आधी निष्ठा असावी लागते. फितूर होणारा आधी या बाजूचा असतो, मग उलटतो. हा पोलीस अधिकारी कधी पोलिसांचा नव्हताच. पहिल्या दिवसापासून तो म्होरक्याने पाठवलेला आहे. शेवटाकडे तो आपल्या म्होरक्यालाच गोळी घालतो, तेव्हा कुठे 'उलटला', 'फितूर झाला' हे शब्द त्याला लागू पडतात, आणि तेही टोळीच्या बाजूने बघितलं तर.

आपण मराठीत रोज म्हणतो: 'त्यांनी आपली माणसं पेरून ठेवलीत.' निवडणुकीत, सोसायटीच्या सभेत, कारखान्याच्या संपात. पेरणे या क्रियापदात तीन गोष्टी आपोआप येतात. कुणीतरी पेरणारा आहे, म्हणजे याच्या मागे एक हात आहे. पेरलेलं दिसत नाही. आणि पेरलं की वेळ जातो, मुळं धरतात, नंतर ते उपटून काढता येईलच असं नाही. या चित्रपटातला सगळा भार त्या तिसऱ्या गोष्टीवर आहे. नायक पोलीस आहे हे फक्त त्याच्या वरिष्ठाला माहीत असतं. तो वरिष्ठ मरतो आणि पेरणारा हातच उरत नाही.

म्हणून मी लिहिणार: 'टोळीत पेरलेला पोलीस' आणि 'पोलिसात पेरलेला टोळीवाला'. दोघांना एकच शब्द. चित्रपटही दोघांना एकाच मापाने मोजतो.

चिनी भाषेत अशा माणसाला 'वोदी' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ तळाशी निजून राहिलेला. आपलं 'पेरलेला' त्याच्या किती जवळ जातं बघा. इंग्रजी 'अंडरकव्हर'मध्ये फक्त पांघरूण आहे.

कचेरीतला, इंदूर

पटलं. 'पेरलेला' नुसता वापरला तरी कळतं, आणि हिंदी वाचणाऱ्यालाही अडत नाही.

मालवी माती, देवास

न्वारचं राहिलं. माझं स्पष्ट मत, न्वार न्वारच ठेवा. युद्धानंतर अमेरिकेतले गुन्हेपट फ्रान्समध्ये पोचले तेव्हा, १९४६ मध्ये, नीनो फ्रांक या समीक्षकाने त्यांना फिल्म न्वार म्हटलं, म्हणजे काळा चित्रपट. 'कृष्णपट' केलं तर लोक गोकुळात जातील, 'काळा चित्रपट' म्हटलं तर काळा पैसा आठवेल, आणि 'कृष्णधवल' आधीच रंग नसलेल्या चित्रपटासाठी घेतलेला आहे. त्यात निओ-न्वार बहुतेक रंगीतच असतात! 'नव-न्वार' लिहा आणि एका वाक्यात सांगा: गुन्हा सुटला तरी माणूस सुटत नाही असा चित्रपट.

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

या चित्रपटाचं मूळ चिनी नावही टिपणीत घ्या. ते बौद्धांच्या सर्वांत खालच्या नरकावरून आहे: मध्ये उसंत नसलेली वाट. हा नरक म्हणजे आपला अवीचि. बौद्ध परंपरेत अवीचिचा अर्थ लावतात तो खंड नसलेला, यातनांना विश्रांती नसलेला. वीचि म्हणजे लाटही. भागवताच्या पाचव्या स्कंधात अवीचिमान नावाचा नरक येतो, तिथे दुसरा अर्थ घेतला आहे. शंभर योजनं उंच डोंगरावरून पाप्याला डोकं खाली करून ढकलतात. खाली पाण्यासारखा दिसणारा दगड असतो, त्यावर लाट नसते, म्हणून अवीचि. आणि हा नरक कुणासाठी? खोटी साक्ष देणाऱ्यासाठी, व्यवहारात आणि दानात खोटं बोलणाऱ्यासाठी.

दहा वर्षं रोज खोटं बोलणाऱ्या दोन माणसांच्या गोष्टीचं हे नाव. हाँगकाँगच्या लेखकांनी भागवत वाचलं असेल असं मी म्हणत नाही, पण मराठी वाचकाला हे सांगितल्यावाचून राहवणार नाही.

रामबाग, इंदूर

ताई, हे जसंच्या तसं घेते. शीर्षकाखाली 'अवीचि' एवढंच लिहीन आणि खाली तुमच्या चार ओळी.

आता शेवटचा प्रश्न. त्या वरिष्ठाच्या आणि नायकाच्या गच्चीवरच्या भेटीतला एक संवाद टिपणीत मराठीतून द्यायचा आहे. नायक त्याला 'साहेब' म्हणेल का? 'तुम्ही' म्हणेल की 'तू'? दहा वर्षं टोळीत सगळ्यांना अरेतुरे करणारा माणूस चोरून भेटताना एकदम 'तुम्ही' म्हणायला लागला तर ती त्याची खरी भाषा, की तेवढ्यापुरती आठवलेली?

कचेरीतला, इंदूर

'साहेब' नको. चुकून चारचौघांत तोंडून जाईल म्हणून त्यानेच ती सवय मोडली असणार. 'तुम्ही' ठेवा, पण संबोधन काहीच नको. वरिष्ठाने मात्र 'तू' म्हणावं, जसं घरातलं मोठं माणूस म्हणतं.

लष्कर, ग्वाल्हेर

आणि चिडला की 'तू' वर येऊ द्या. आमच्याकडे पोरं बापाशी भांडताना असंच करतात.