शाळांसाठी लोकांत राहून काम करायचंय, पण पोटापाण्याचं काय?

गुहागरकरीण: समाजशास्त्रात बी.ए. झालंय. दोन वर्षं वाडीतल्या शाळेत मानधनावर शिकवलं. शिकवण्यापेक्षा पालकांशी बोलणं, ग्रामसभेत शाळेचा विषय लावून धरणं मला जास्त जमतं. याच कामात राहता येईल का? आई म्हणते, डी.एड. कर नि नोकरी धर.

लांज्याची ताई: येईल. मी अकरा वर्षं हेच करतेय. पहिलं वर्ष नुसती भाषणं केली. लोक माना डोलवत नि घरी जात.

मग एका वाडीतली शाळा, पट २० च्या आत म्हणून, पलीकडच्या गावात हलवायचं घाटत होतं. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, असा नियम आहे आणि कागदावर अंतर बसतही होतं. पण पावसाळ्यात पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पाण्याखाली जातो. आम्ही आयांबरोबर वळसा घालून चाललो. एकीने मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: निघालो ९.१०, देवळाजवळ ९.३५, शाळा १०.०५. ग्रामसभेत ते पान तिनेच वाचलं, मी मागे बसले होते. ठराव झाला. शाळा आजही भरते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. बऱ्याच ठिकाणी त्या सहीपुरत्या येतात. त्यांना बोलतं करणं हेच आपलं काम, आणि त्याला वेळ लागतो गं.

पैशाचं खरं सांगते. संस्थेचा प्रकल्प संपला तेव्हा मी चार महिने बिनपगारी होते. म्हणून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून ठेव. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट, निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. पदवी असली की पुढच्या संस्थेत दार लवकर उघडतं.

मालवणी माणूस: ताईंच्या बोलण्यात एक भर. आमच्याकडे निम्मे बाप मुंबईत. पालकसभा एरवी लावली तर आज्याच येतात. गणपतीत किंवा शिमग्याला लावा, चाकरमानी गावात असतात. आमच्या शाळेचं छप्पर अशाच एका सभेत मार्गी लागलं.

गुहागरकरीण: ताई, आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. चार महिन्यांचं ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, एमएसडब्ल्यूचा फॉर्म कधी निघतो ते बघ. आमच्या समितीची बैठक शनिवारी आहे. आधी जुनं प्रोसिडिंग, म्हणजे बैठकांची नोंदवही, मागून घेते, कोणाकोणाच्या नुसत्या सह्या आहेत ते बघते.