प्लग-इन हायब्रिडचं खरं अ‍ॅव्हरेज कसं काढायचं?

एडिसनकर
बाबा दर रविवारी सांगलीहून फोनवर विचारतात, "गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि मला धड उत्तर देता येत नाही. ऑक्टोबरात इथे न्यू जर्सीत जुनी टोयोटा रॅव्ह-४ प्राइम घेतली, म्हणजे प्लगला लावून चार्ज होणारी, वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी. कागदावर दोन आकडे आहेत: विजेवर ९४ एमपीजीई (गॅलनभर पेट्रोलइतक्या ऊर्जेत किती मैल), नुसत्या पेट्रोलवर ३८ एमपीजी (गॅलनला किती मैल). डॅशबोर्ड मात्र जानेवारीचे ११२ दाखवतोय. ऑफिसला जाऊन-येऊन ३८ मैल होतात. रोज रात्री गॅरेजमधल्या साध्या सॉकेटला गाडी लावतो. तिथे मीटर बसवलाय, पेट्रोलच्या पावत्याही जपून ठेवल्यात. जानेवारीत ११२० मैल, १० गॅलन, ३३० युनिट. खरा आकडा कोणता धरू?

मीटरवाला
११२ सोडून द्या. ते नुसतं ११२० भागिले १० आहे, वीज त्यात फुकट धरलीय. एमपीजीईत ३३.७ युनिट म्हणजे एक गॅलन. त्या हिशेबाने तुमची वीज ९.८ गॅलन झाली आणि आकडा ५७ च्या आसपास आला. पण वीज आणि पेट्रोल एका भावाने मिळत नाहीत, म्हणून मी ५७ सुद्धा मानत नाही. दोन्ही वेगवेगळे काढा. बॅटरी पूर्ण संपवा, टाकी फुल करा, दोनशे मैल फिरून त्याच पंपावर परत भरा. न्यू जर्सीत पेट्रोल आपल्या हाताने भरता येत नाही, तेव्हा भरणाऱ्याला आधीच सांगा: पंप आपोआप पहिल्यांदा बंद पडला की थांब, डॉलर पूर्ण करायला वरून टाकू नकोस. दोनशे मैलांच्या मापात तेवढ्यानेही फरक पडतो.

स्टुटगार्टहून
तुम्ही रोज चार्ज करता, हीच मोठी गोष्ट आहे. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांमधल्याच नोंदी तपासल्या, तर प्लग-इन हायब्रिडचा रस्त्यावरचा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. आमच्या पार्किंगमध्ये कारण रोज दिसतं. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं, घरच्या विजेचं बिल स्वतःचं. एका सहकाऱ्याच्या डिकीत चार्जिंगची केबल अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, पिशवीचं सीलही फोडलेलं नाही.

एडिसनकर
केलं. २१० मैलांना बरोबर ६ गॅलन, म्हणजे ३५. मग जानेवारीतले १० गॅलन साधारण ३५० मैल चालले, उरलेले ७७० मैल विजेवर. शंभर मैलांना ४३ युनिट. कागदावरच्या ९४ चा हिशेब ३६ युनिट होतो, बाकीचं हीटरने खाल्लं.

खर्चही मांडला. माझी वीज १८ सेंट, पेट्रोल ३.१० डॉलर, एकूण ९० डॉलर. एकदाही चार्ज केलं नसतं तर ३२ गॅलन, ९९ डॉलर. चार महिने थंडीत कुडकुडत केबल लावतोय आणि महिन्याची बचत नऊ डॉलर, याचं खरंच वाईट वाटलं. आता निघायच्या आधी केबल लावलेली असतानाच गाडी गरम करतो आणि वाटेत फक्त सीट हीटर. विजेवरचे मैल वाढतायत.

बाबांना रविवारी सांगितलं: पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर, विजेवर युनिटला पावणेचार. त्यांनी दोन्ही वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "आता उन्हाळ्यातले आकडे पाठव."