तिसऱ्यांची स्पॅगेटी: खारट झाली, वर वाळूही लागली

खाडीकाठची
आम्ही आचऱ्याला राहतो. लेक पुण्याहून आली की तिसऱ्या (खाडीतले शिंपले) आणायच्या हे ठरलेलंच. यावेळी तिचं फर्मान, "आई, सुकं नको, नेपल्सचे लोक स्पॅगेटीत घालतात तसं कर." व्हिडिओ दाखवला आणि बाईसाहेब आंघोळीला गेल्या.

मी दोन वाटे तिसऱ्या घेतल्या. तासभर नळाच्या पाण्यात ठेवल्या आणि नेहमीसारख्या विळीवर उघडून एकशिपी केल्या, म्हणजे मांस एकाच शिंपलीत ठेवलं. निघालेलं पाणी अर्थात जपून ठेवलं. स्पॅगेटी चांगलं मूठभर मीठ घालून पाकिटावर लिहिलंय तशी ११ मिनिटं उकळली आणि पाणी ओतून दिलं. ऑलिव्ह तेल, लसूण, मिरची, मग तिसऱ्या आणि त्यांचं पाणी. वाईन आमच्या घरात येणं शक्य नाही, म्हणून दोन आमसुलं टाकली. वरून चीज किसलं.

रंग गुलाबी आला. तेल एकीकडे, शेवया एकीकडे. मीठ इतकं की लेकीनं तांब्याभर पाणी प्यायलं, आणि दाताखाली कचकच. सासूबाई म्हणाल्या, "खोबरा खंय आसा ह्येच्यात?" कुठे चुकलं?

निवृत्त_भंडारी
ताई, मी २२ वर्षं मालवाहू जहाजांवर कूक होतो, आता वेंगुर्ल्याला असतो. नेपल्सला जहाज लागलं की हा पदार्थ खायला उतरायचोच. तिथे नाताळच्या आदल्या रात्री मांस खात नाहीत, तेव्हा घरोघरी हाच बेत असतो.

आधी वाळू. गोड्या पाण्यात तिसरी तोंड मिटून बसते, वाळू सोडेल कशाला? लिटरभर पाण्याला ३५ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे समुद्राइतकं खारट. परातीत चाळणी उपडी घालून तिच्यावर तिसऱ्या पसरा आणि तीन-चार तास अंधारात ठेवा. सोडलेली वाळू खाली जाते, परत त्यांच्या पोटात जात नाही.

विळी या दिवशी विसरा. पसरट कढईत तेल आणि ठेचलेला लसूण, लसूण लाल होऊ द्यायचा नाही. अख्ख्या तिसऱ्या टाकून झाकण, आच मोठी. तीन-चार मिनिटांत आपणच तोंड उघडतात. उघडतील तशा काढून घ्या, नाहीतर रबर. न उघडलेल्या टाकून द्या. खाली उरलेलं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळा. तुम्ही पाणी जपलंत ते बरोबर, पण गाळलं नाहीत, कचकच तिथूनच आली.

ते पाणी मुळातच खारट. एरवी पास्त्याला लिटरमागे १० ग्रॅम मीठ घालतात, इथे निम्मं पुरे. आणि पास्ता शिजवलेलं पाणी ओतलंत? आपण पेज कधी ओतून देतो का! स्पॅगेटी दोन मिनिटं आधीच काढायची, तिसऱ्यांच्या गाळलेल्या पाण्यात टाकायची, वर पळीभर पेज, आणि मोठ्या आचेवर कढई हलवत राहायचं. पिठूळ पाण्यानं तेल आणि रस एकजीव होतात, शेवयांना चिकटतात. चौघांना ४०० ग्रॅम स्पॅगेटी आणि किलोभर तिसऱ्या.

वाईन तिथेही सगळेच घालतात असं नाही. आच बंद केल्यावर थोडं लिंबू पिळा. आमसूल कढीत राहू दे. पार्सली मिळणार नाही, मी कोथिंबीर घालतो आणि कोणा इटालियनाला सांगत नाही.

कांदा_हवाच
कांदा-टोमॅटो परतून घेतला तर? आणि चीजशिवाय पास्ता म्हणजे काय खायचं?

निवृत्त_भंडारी
टोमॅटो घाला. नेपल्सला पांढरा आणि लाल असे दोन्ही प्रकार आहेत, लालमध्ये चार छोटे टोमॅटो फोडून टाकतात. कांदा नको. चीज घातलंत की तिसरीचा वास मेला. बांगड्याच्या तिखल्यावर चीज किसाल का?

देवगडवाला
आमच्या इथल्या दुकानातल्या स्वस्त पाकिटाची खळ झाली होती. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय का बघा. आपला बन्सी गहू त्यातलाच. मैद्याची असेल तर ती भंडारीकाकांनी केली तरी चिकटच होणार.

खाडीकाठची
काल परत केली. परातीत तळाला चमचाभर वाळू निघाली, बघून लाज वाटली, इतकी वर्षं आम्ही काय खात होतो! गाळलेलं पाणी चाखलं आणि पास्त्यात मीठ एकच चमचा घातलं. लिंबू थोडं जास्त झालं. पाच तिसऱ्या उघडल्याच नाहीत, टाकताना जीव हळहळला.

लेकीनं कढईच पुढ्यात ओढून घेतली. सासूबाईंनी शेवटी शिंपल्या मोजल्या: नातीच्या ताटात ३१, त्यांच्या ताटात ३४. ओलं खोबरं मात्र त्यांनी आपल्यापुरतं वरून घेतलंच.